दंश पायाला, धोका छातीला

विंचवाने माणूस मरत नाही, फार तर एक रात्र तळमळतो, असा घाटावरचा सर्वसाधारण समज. कोकणात तो खोटा ठरत होता. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेले, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून शिकून आलेले. नाव हिम्मतराव बावस्कर. त्यांच्यापुढे विंचू चावलेली माणसं येत होती आणि त्यांतली बरीचशी डोळ्यांदेखत जात होती.

येणारे बहुतेक शेतकरी, मजूर आणि लहान मुलं. डंख पायाच्या अंगठ्याला नाही तर हाताच्या बोटाला. तिथे बघावं तर ना मोठी सूज, ना जखम. माणूस मात्र घामाने निथळतोय, ऐन मे महिन्यात हातपाय थंडगार पडलेत, उलट्या चालू आहेत, तोंडातून लाळ गळतेय, छाती धडधडतेय. पुरुषांत आणि मुलग्यांत शिश्न ताठ झालेलं. काही तास गेले की खोकला लागायचा, मग धाप, मग तोंडाशी गुलाबी फेस. फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावायचा. पाठ्यपुस्तकं उघडली तर विंचवाला चार-दोन ओळींपलीकडे जागा नव्हती. ते साहजिकच होतं म्हणा. पुस्तकं लिहिणारे ज्या शहरांत राहत होते तिथे हा विंचू नव्हता.

बावस्करांनी जे केलं त्याला यंत्र लागत नव्हतं. खाटेशेजारी बसायचं, नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारवा हे सगळं तासातासाने टिपायचं. कोण वाचलं, कोण गेलं, आणि जाणाऱ्याच्या अंगावर आधी काय दिसत होतं, याची नोंद ठेवायची. त्या टिपणांतून धोक्याच्या खुणांची एक साखळी हाती लागली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. कोकणातल्या सरकारी दवाखान्यातली निरीक्षणं लंडनपर्यंत पोचली.

आता या विंचवाविषयी. कोकणातला हा लाल विंचू, शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. बोटभर लांबीचा, तांबूस-तपकिरी, नांग्या बारीक. जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत आणि जीव घेऊ शकणाऱ्या थोड्याच. त्यांत हा मोडतो. त्याच्याशेजारी ठेवली तर जाडजूड नांग्यांची काळी इंगळी फार भयंकर दिसते, पण माणसाच्या जिवाला तिच्यापासून तेवढा धोका नसतो. लाल विंचवाचं विष नसांच्या पेशींवर, जिथून सोडियम आत शिरतो त्या वाटांवर काम करतं. एरवी क्षणात मिटणाऱ्या या वाटा तोटी तुटलेल्या नळासारख्या उघड्याच राहतात. नसा थांबता थांबत नाहीत आणि ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात लोटली जातात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि पाणी मागे फुप्फुसांत साचतं. डंख अंगठ्याला झालेला असतो, पण माणूस जातो तो छातीच्या पायी.

त्या काळी अशा रुग्णाला जे मिळेल ते दिलं जायचं. ॲट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगीची औषधं. ॲट्रोपिनने घाम आणि लाळ थांबल्यासारखी दिसते, पण आधीच पळणारं हृदय आणखी पळतं. बावस्करांनी उलट्या बाजूने विचार केला: वाहिन्या आवळल्या आहेत, तर त्या सैल करायच्या. सुरुवातीला त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध वापरलं. ते थेंबाथेंबाने, मिनिटामिनिटाला रक्तदाब बघत द्यावं लागतं. खेड्यातल्या दवाखान्यात हे रोज कोण करणार? मग नजर गेली प्राझोसिनकडे. रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेली, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. ती नेमकी त्याच गाठी सोडते ज्या विंचवाच्या विषाने मारलेल्या असतात. १९८६ मध्ये तिच्यावरचा लेखही लॅन्सेटमध्ये आला.

फरक किती पडला? प्राझोसिनच्या आधी गंभीर रुग्णांतला मृत्यूचा आकडा ४० टक्क्यांच्या घरात होता. नंतर तो एक टक्क्याच्या आसपास आला. या कामात पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या; पुढच्या बऱ्याच शोधनिबंधांवर दोघांची नावं जोडीने आहेत. हिम्मतरावांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र मराठीत आहे.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडून लाल विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली. हाफकिनचं नाव आपल्याला सापाच्या लशीमुळे माहीत असतं. विंचवाचीही लस निघते हे अनेकांच्या गावीही नसतं. महाडमध्ये ७० रुग्णांवर रीतसर तुलना करण्यात आली. निम्म्यांना लस अधिक प्राझोसिन, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन. पहिल्या दहा तासांत लस मिळालेल्यांपैकी ९१ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते, नुसत्या गोळीवर असलेल्यांपैकी २३ टक्के. हा निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. लस लवकर टोचली तर तिचा उपयोग अधिक, कारण रक्तात मोकळं असलेलं विष ती धरते. एकदा ते नसांवर जाऊन बसलं की तिचा जोर ओसरतो.

म्हणजे सगळा मामला वेळेचा. आणि नेमका वेळच घरात जातो. चावलेल्या जागी चुना लावला जातो, कांदा चोळला जातो, वर करकचून दोरी बांधली जाते, कुणीतरी ब्लेड शोधायला धावतं. दोरीने विष थांबत नाही, बोट काळंनिळं पडतं तेवढं. चिरा दिल्याने रक्त जातं, विष नाही. मग ‘उतरवणारा’ गाठला जातो. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाची कीर्ती पंचक्रोशीत असते आणि ती खोटी नसते, कारण त्याच्याकडे गेलेले बहुतेक जण खरोखर बरे होतात. न जाताही झाले असते. विंचवाच्या बहुतेक डंखांत फक्त आग आणि वेदना असते, ती दिवसभरात आपोआप उतरते. मंत्राला यश मिळतं ते या अशा रुग्णांचं. एकनाथांनी भारुडात काम-क्रोधाला विंचवाचं रूप दिलं ते ऐकणाऱ्याला लगेच पटलं, कारण ती आग सगळ्यांनी कधी ना कधी भोगलेली किंवा शेजारच्या घरात पाहिलेली होती. पण ज्या थोड्या रुग्णांच्या नसांत विष भिनलेलं असतं त्यांचे पहिले दोन तास मंत्रात गेले तर ते परत मिळत नाहीत. मांत्रिकाला दोष देणं सोपं आहे. रात्री अकरा वाजता वाडीवरून त्याच्या घरापर्यंत पायवाट असते आणि दवाखान्यापर्यंत गाडी नसते, हेही त्यात धरायला हवं.

धोक्याची खूण वेदनेत नाही, हे मनावर ठसायला अवघड जातं. ठणाणा बोंबलणारा माणूस पुष्कळदा सुरक्षित असतो. ज्याला डंखाची तक्रार फारशी नाही, पण दरदरून घाम फुटलाय, उलटी झाली, हात गार लागतायत, तो धोक्यात. लहान मूल तर काय चावलं हेही सांगत नाही. रडतं, ओकतं, मग मलूल पडतं. अशा वेळी १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. प्राझोसिनची गोळी घरातल्या आजोबांच्या डब्यात सापडली म्हणून आपल्या मनाने देऊ नये. तिने रक्तदाब झटकन उतरतो आणि रुग्ण उठून बसला तरी चक्कर येऊन पडू शकतो. ती डॉक्टरांच्या नजरेखाली, आडवं झोपवूनच द्यायची.

हे सगळं रायगडातल्या खेड्यांचं झालं, असं वाटत असेल तर अंबरनाथ-बदलापूरकडे बघावं. वालधुनीच्या काठी शिलाहारांनी शिवमंदिर उभारलं, शिलालेखातला शक ९८२, म्हणजे सन १०६०. तेव्हापासून आजूबाजूला भातशेती, माळ आणि डोंगर. गेल्या काही दशकांत त्याच भातशेतीवर सात-सात मजले चढले. इमारतींच्या मागे मलंगगड आणि ताहुलीच्या रांगा तशाच आहेत. बदलापूरहून कोंडेश्वराला, बारवी धरणाकडे निघालं की अर्ध्या तासात वाड्या-पाडे लागतात. तिथे वीटभट्ट्या आहेत, पेंढ्याच्या उडव्या आहेत, उन्हाळ्यात राब भाजण्यासाठी पातेरा गोळा करणारे हात आहेत. आणि विंचवाला नेमकं हेच लागतं: कोरडं, फटी असलेलं, दिवसा कुणी न हलवणारं. दगडाखाली, सरपणात, गोवऱ्यांत, कौलांत, रात्री बाहेर काढून ठेवलेल्या बुटात. मार्च ते जून आणि पावसाळा सरताना, भातकापणीच्या सुमाराला, डंख जास्त. शहरातला माणूस इथे येतो तो रविवारी, धबधब्याला, पायात फ्लोटर आणि हात थेट दगडाच्या फटीत. पाड्यावरची आजी मात्र चप्पल उलटी करून दोनदा आपटल्याशिवाय पायात सरकवत नाही, अंथरूण झटकल्याशिवाय नातवाला झोपवत नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी कडा खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच विंचवालाही अडवते. ज्यांना हौस आहे त्यांनी अतिनील किरणांची छोटी बॅटरी घ्यावी. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, अंधाऱ्या पडवीत लांबून दिसतो.

विंचू हा कीटक नव्हेच. आठ पायांचा, कोळ्याच्या गोतातला. सहा पायांच्यांपैकी डंखाने जीव घ्यायची ताकद आहे ती मधमाशी आणि गांधीलमाशीत, आणि त्यांचा मार्ग निराळा आहे.

मधमाशीचा काटा जवळून बघण्यासारखा असतो. त्याला उलटे दात असतात. माशी डंख मारून उडते तेव्हा काटा कातडीत अडकतो आणि तिच्या पोटाचा मागचा भाग तुटून त्याच्याबरोबर राहतो. त्यात विषाची इवलीशी पिशवी असते आणि तिच्याभोवतीचे स्नायू माशी गेल्यावरही आकुंचन पावत राहतात, काटा आत रुतवतात, विष ढकलतात. नीट पाहिलं तर ती धडधड डोळ्यांना दिसते. म्हणून काटा लगेच काढायचा. चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाईल, कार्डाने खरवडा, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जात होता. १९९६ मध्ये काही संशोधकांनी स्वतःच्या हातावर डंख घेऊन हे तपासलं. कसा काढला याने फरक पडत नाही, किती लवकर काढला याने पडतो, असं निघालं. तेव्हा पाकिटात कार्ड शोधत बसू नये, नखाने उडवावा. काटा सोडताना केळ्यासारख्या वासाचं एक द्रव्यही हवेत पसरतं. ते बाकीच्या माश्यांना बोलावणं असतं, त्यामुळे त्या जागी उभं राहू नये. गांधीलमाशीच्या काट्याला असे अडकणारे दात नसतात. ती एकटीच चार वेळा डसून निघून जाते.

किल्ल्यांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या ओठांवर लटकतात ती आग्या मोहोळं. अजिंठा आणि शिवनेरीवर माश्या उठल्याच्या बातम्या वरचेवर येतात. कारणं ठरलेली: कुणीतरी दगड भिरकावतो, कुणी फटाका लावतो, कुणी खाली चूल पेटवतो, कधी घारीने पोळं छेडलेलं असतं. माश्या उठल्या तर हात झाडत उभं राहण्यात अर्थ नाही. तोंड, नाक आणि डोळे कपड्याने झाकून लांब पळावं, घर किंवा गाडी दिसली तर आत शिरून दार लावावं. कड्यावर पळताना दरीचं भान ठेवावं. पाण्यात बुडी मारण्याचा सिनेमातला उपाय कामाचा नाही. माश्या वर घिरट्या घालत वाट बघतात. शंभरावर डंख बसले तर प्रकृती ठणठणीत वाटली तरी दवाखान्यात जावं, कारण एवढ्या विषाने स्नायू विरघळतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी गडद झाली तर ती त्याची खूण.

मात्र बहुतेक माणसं शंभर डंखांनी मरत नाहीत. एका डंखाने मरतात. अंगाला त्या विषाचं वावडं असेल तर काही मिनिटांत सगळ्या अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, आवाज बसतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, चक्कर येते, रक्तदाब कोसळतो. विंचवाच्या विषाने वाहिन्या आवळतात, इथे त्या एकाएकी सैल पडतात. म्हणून औषधही उलटं. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्याचा शोध लावण्याबद्दल फ्रान्सच्या शार्ल रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. उपाय एकच, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, ताबडतोब. घरातली सेट्रिझिन किंवा ॲव्हिल खाज थांबवते, कोसळणारा रक्तदाब नाही. परदेशात अशी माणसं खिशात तयार पेनासारखं इंजेक्शन बाळगतात. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, पण साधी कुपी स्वस्त असते. आणि जिथे लहान मुलांना लशी टोचल्या जातात तिथे ती ठेवलेली असतेच, कारण लशीचंही असं वावडं क्वचित निघू शकतं. त्यामुळे मोठं हॉस्पिटल गाठण्यासाठी वाहतूककोंडीत पाऊण तास घालवण्यापेक्षा वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र आधी गाठणं शहाणपणाचं. रुग्णाला आडवं ठेवून पाय उंचावर घ्यावेत. चालवत नेऊ नये. बरं वाटल्यावरही काही तास दवाखान्यातच थांबवतात, कारण ही लाट कधी कधी दुसऱ्यांदा येते.

साध्या डंखाला साबण-पाणी, गार पाण्याची पट्टी आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल पुरतं. मधमाशीचं विष आम्लधर्मी म्हणून चुना किंवा खायचा सोडा, गांधीलमाशीचं अल्कधर्मी म्हणून व्हिनेगर, हे रसायनशास्त्र ऐकायला छान आहे. विष कातडीखाली गेलेलं असतं आणि चुना वरच राहतो. लोखंड घासण्यानेही गार वाटतं, एवढंच. डंखाभोवती दुसऱ्या दिवशी तळहाताएवढी सूज आली तर ती सहसा विषाची असते, पूची नव्हे.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा एक बारीक, लाल-काळ्या पट्ट्यांचा किडा मात्र चावतही नाही नि डसतही नाही. तो मानेवर बसला की आपण चिरडतो आणि तिथेच फसतो. त्याच्या अंगातलं द्रव्य कातडीला लागून दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवावा, लागलंच तर लगेच साबणाने धुवावं.

आतापर्यंत सांगितलं ते एवढंच, की डंखाच्या जागेपेक्षा माणसाकडे बघावं. गोचीड आणि गवतातल्या सूक्ष्म माइटच्या बाबतीत मात्र हे फिरतं. त्यांचा चावा कळतच नाही. दिवसांनी ताप येतो, आणि तेव्हा जागा शोधत बसावं लागतं. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधून काढला. तोच माकडताप गोव्यात सत्तरी तालुक्यात पोचला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यात. काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांच्या अंगावर गोचिडीची पिल्लं चढतात. तिथे संध्याकाळी घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग चोळून धुणं हीच मोठी काळजी. चिकटलेली गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल ओतू नये, काडी लावू नये.

२०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तीही अशीच गवतातल्या माइटच्या पिल्लांमुळे. लक्षणं डेंग्यूसारखी: ताप, डोकेदुखी, अंगदुखी. फरक सांगणारी खूण असते काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली, जिथे कपडा घट्ट बसतो. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत कपडे काढून कुणी बघत नाही. प्रत्येकाच्या अंगावर ती सापडतेच असंही नाही. आजार ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त गोळीने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. न ओळखला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू सगळीकडे पसरतो. पावसाळ्यानंतर ताप चार-पाच दिवस हटत नसेल आणि डेंग्यू-मलेरियाचे रिपोर्ट कोरे येत असतील, तर आपण शेतात, गवतात किंवा ट्रेकला गेलो होतो हे रुग्णाने डॉक्टरांना आपण होऊन सांगावं, आणि त्याआधी घरी आरशासमोर उभं राहून काखा आणि जांघा एकदा तपासून घ्याव्यात.